शिवीला सरकारी बळ मिळते तेव्हा

अमेरिकेच्या राजकारणाबद्दल बोलताना आपल्याकडे एक समज गृहीत धरलेला असतो: पूर्वी तिथे मतभेद असत, पण सभ्यता होती, अलीकडच्या काही वर्षांत ती गेली. हा समज पहिल्याच तपासणीत कोसळतो. मार्च १७९७मध्ये खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्षपदावरून उतरले, तेव्हा फिलाडेल्फियाच्या ‘ऑरोरा’ या वृत्तपत्राने हा दिवस देशाने उत्सवासारखा साजरा करावा असे लिहिले. १८००च्या निवडणुकीत ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ने मतदारांपुढे दोनच वाटा ठेवल्या. एकीकडे देव आणि धर्मनिष्ठ अध्यक्ष, दुसरीकडे जेफरसन आणि निरीश्वरवाद. येल महाविद्यालयाचे प्रमुख टिमोथी ड्वाइट यांनी ४ जुलै १७९८च्या प्रवचनात, फ्रेंच क्रांतीच्या विचारांचे लोक माजले तर आपल्या बायकामुली कायदेशीर वेश्याव्यवसायाला बळी पडतील, अशी भीती घातली. उलट बाजूने जेम्स कॅलेंडर या पत्रकाराने अध्यक्ष जॉन ॲडम्स यांना ‘धड पुरुष नाही, धड स्त्री नाही’ अशा अर्थाची शिवी छापील पुस्तिकेत दिली.

म्हणजे प्रतिस्पर्ध्याला राक्षस ठरवण्याची रीत अमेरिकेच्या राज्यघटनेइतकीच जुनी आहे. पण या सव्वादोनशे वर्षांत देशाचे नुकसान शब्दांच्या जहालपणाच्या प्रमाणात झालेले नाही. १८२८मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांच्या पत्नीला जाहीरपणे द्विपतिका म्हटले गेले आणि जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्यावर रशियाच्या झारला मुलगी पुरवल्याचा आरोप झाला. इतकी गलिच्छ निवडणूक क्वचितच झाली असेल. तरी मतदान झाले, सत्ता बदलली, कुणी तुरुंगात गेले नाही. उलट ज्या काळात भाषा बरीच कार्यालयीन होती, त्या १९५०च्या आसपास हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. फरक पडतो तो शब्दामागे कोणते यंत्र उभे आहे याने: कायद्याचे कलम, टपालखात्याचा शिक्का, संसदीय समितीचे समन्स, जाहिरातदाराची काळी यादी, करखात्याची तपासणी. या इतिहासाचा हिशेब मांडायचा तर शिव्या मोजण्यापेक्षा ही यंत्रे कुणी उभारली, कुणाच्या हाती गेली आणि कशाने थांबली, हे पाहायला हवे.

पहिले यंत्र स्वस्त टपालाचे होते आणि ते चांगल्या हेतूने उभारले होते. १७९२च्या टपाल कायद्याने वृत्तपत्राला शंभर मैलांपर्यंत एक सेंट आणि त्यापुढे दीड सेंट इतकाच दर ठेवला. साध्या पत्राला अंतराप्रमाणे सहा ते पंचवीस सेंट पडत. संपादकांनी एकमेकांना पाठवलेला अंक तर फुकट जाई. त्यामुळे फिलाडेल्फियात छापलेला आरोप दोन-तीन आठवड्यांत दूरच्या खेड्यातल्या पत्रातही उतरे. पत्रे पक्षांच्या पैशावर चालत. परराष्ट्रमंत्री जेफरसन यांनी फिलिप फ्रेनो या संपादकाला आपल्या खात्यात वर्षाला २५० डॉलरची भाषांतरकाराची नोकरी दिली आणि फ्रेनोचे पत्र जेफरसन ज्या सरकारात बसत त्याच सरकारवर तुटून पडे. हे सारे अशोभनीय होते, पण उत्तर द्यायला दुसऱ्या बाजूकडेही तितक्याच दरात टपाल होते.

१७९८मध्ये तो तोल मोडला. १४ जुलैला राजद्रोहाचा कायदा झाला. अध्यक्ष किंवा संसदेविरुद्ध खोटे, बदनामीकारक आणि द्वेषमूलक लेखन केल्यास दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. संरक्षणाच्या यादीत उपाध्यक्षपद नव्हते, कारण त्या पदावर विरोधी पक्षाचे जेफरसन होते. कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ रोजी, म्हणजे ॲडम्स यांच्या कारकिर्दीबरोबर संपणार होती. पुढचे सरकार आपले नसेल तर हत्यार त्याच्या हाती पडू नये, एवढी काळजी घेतलेली होती.

कागदावर हा कायदा इंग्लंडच्या जुन्या नियमापेक्षा उदार होता. मजकूर खरा असल्याचा बचाव त्यात मान्य होता आणि निर्णय ज्युरीकडे होता. मग बिघडले कुठे? ‘अध्यक्षांना डामडौलाची हाव आहे’ हे मत आहे, आणि मत खरे असल्याचे सिद्ध कसे करणार? न्यायाधीश प्रत्येक वाक्याचा पुरावा मागत आणि तो देता न आल्यास मजकूर खोटा धरत. व्हरमाँटचे संसद सदस्य मॅथ्यू लायन यांना नेमक्या अशाच वाक्यासाठी ऑक्टोबर १७९८मध्ये चार महिने कैद आणि हजार डॉलर दंड झाला. ते तुरुंगातूनच निवडून आले. फेब्रुवारी १८०१मध्ये जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर यांची मते समसमान पडून निवड प्रतिनिधिगृहाकडे आली, तेव्हा छत्तिसाव्या फेरीत व्हरमाँटचे मत जेफरसन यांच्या पारड्यात टाकणारे हेच लायन होते. कायद्याखाली दोषी ठरलेले सुमारे दहाही जण विरोधी पक्षाचेच होते.

इथपर्यंतची गोष्ट फेडरलिस्टांच्या, म्हणजे ॲडम्स यांच्या पक्षाच्या, विरोधात जाते आणि बहुतेक जण ती इथेच थांबवतात. पुढचा भाग जास्त बोलका आहे. कॅलेंडरला लिहिण्यासाठी पैसे देणाऱ्यांत जेफरसन होते. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी त्याला हवी असलेली पोस्टमास्तरची जागा दिली नाही, तेव्हा १८०२मध्ये तो त्यांच्यावर उलटला आणि सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीशी असलेले त्यांचे संबंध त्याने छापले. वैतागलेल्या जेफरसन यांनी १८०३मध्ये पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर मॅकीन यांना लिहिले, की राज्यांच्या कायद्याखाली मोजके खटले भरले तर वृत्तपत्रांवर चांगला परिणाम होईल. न्यूयॉर्कमध्ये ‘द वास्प’चा संपादक हॅरी क्रॉसवेल याच्यावर खटला झालाही. त्याच्या बाजूने १८०४मध्ये उभे राहिले अलेक्झांडर हॅमिल्टन, फेडरलिस्टांचे म्होरके. खरे आणि सद्हेतूने लिहिलेले छापता आले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद न्यायालयात दोन विरुद्ध दोन असा अडकला, पण न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने १८०५मध्ये तो कायद्यात घेतला. सहा-सात वर्षांत दोन्ही पक्षांच्या भूमिका पार उलटल्या होत्या. ज्याच्या हाती सत्ता, त्याला बदनामी राष्ट्रघातक वाटते, हे अमेरिकेला तिच्या पहिल्या पिढीतच कळून चुकले होते.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांतले राक्षस भराभर सांगता येतील. १८२६मध्ये न्यूयॉर्क राज्यातून विल्यम मॉर्गन नावाचा माणूस नाहीसा झाला आणि फ्रीमेसन हे देश गिळणारे गुप्त मंडळ ठरले. त्या भीतीवर उभ्या राहिलेल्या पक्षाने १८३२मध्ये व्हरमाँट जिंकले. मग पाळी कॅथलिकांची आली. ऑगस्ट १८३४मध्ये बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउनमध्ये जमावाने जोगिणींचा मठ जाळला; ऑगस्ट १८५५मध्ये लुईव्हिलमध्ये मतदानाच्या दिवशी जर्मन आणि आयरिश वस्त्यांवर हल्ले होऊन किमान बावीस माणसे मेली. फ्रान्स, रोम, पुढे मॉस्को: आतल्या विरोधकाला बाहेरच्या सत्तेचा हस्तक ठरवण्याची ही पद्धत प्रत्येक पिढीने वापरली. तिचा उपयोग साधा आहे. विरोधक चुकतो आहे म्हटले तर त्याच्याशी वाद घालावा लागतो. तो हस्तक आहे म्हटले की वादाची गरज संपते, आणि त्याने केलेला इन्कारही त्याच्या धूर्तपणाचा पुरावा होतो.

इथे एका आक्षेपाला सामोरे जायला हवे, कारण तो खोटा नाही. गुलामगिरीच्या विरोधकांची भाषा कमी जहाल होती का? मुळीच नाही. सेनेटर चार्ल्स सम्नर यांनी १९ आणि २० मे १८५६च्या भाषणात सेनेटर बटलर यांनी गुलामगिरी नावाची वेश्या प्रेयसी म्हणून ठेवली आहे, असे सभागृहात म्हटले. ही वैयक्तिक आणि बोचरी भाषा होती. पण सम्नर जे दाखवत होते ते घडत होते. माणसे विकली जात होती, कॅन्ससमध्ये मतदान लुटले जात होते. अन्यायाला अन्याय म्हणणे कानाला कठोर लागते म्हणून ते बदनामीत मोडत नाही. आरोप पुराव्यापुढे उभा राहू शकतो की नाही, पुरावा आला नाही तर आरोप करणारा तो मागे घेऊ शकतो की नाही, हा खरा निकष आहे.

आणि यंत्र कुणाकडे होते ते पाहा. जुलै १८३५मध्ये चार्ल्सटन इथे जमावाने गुलामगिरीविरोधी टपाल पोत्यांतून काढून जाळले. त्यानंतर पोस्टमास्टर जनरल एमॉस केंडल यांनी स्थानिक पोस्टमास्तरांना असे टपाल अडवण्याची मोकळीक दिली. १८३६पासून १८४४पर्यंत प्रतिनिधिगृहाच्या नियमाने गुलामगिरीविरोधी अर्ज चर्चेला न घेताच बाजूला ठेवले जात. सम्नर यांच्या भाषणानंतर दोनच दिवसांनी, २२ मेला, बटलर यांचे नातलग आणि संसद सदस्य प्रेस्टन ब्रूक्स यांनी सेनेटमध्ये त्यांना छडीने रक्तबंबाळ केले. सम्नर १८५९च्या डिसेंबरपर्यंत नियमित कामाला परतू शकले नाहीत. ब्रूक्स यांना काढून टाकण्याचा ठराव १२१ विरुद्ध ९५ मतांनी दोन-तृतीयांशाअभावी पडला, न्यायालयाने ३०० डॉलर दंड केला आणि मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. छडीचा घाव एका माणसाचा होता; तीनशे डॉलरची किंमत व्यवस्थेने लावली होती. गुलामगिरीविरोधी संपादक एलायजा लव्हजॉय यांचा १८३७मध्ये इलिनॉयमधल्या ऑल्टन इथे जमावाने खून केला, त्यातही कुणाला शिक्षा झाली नाही. शब्दांनी माणसे चिथावली जातात हे खरेच. पण पुढच्याला किती धीर येतो, हे आधीच्या गुन्ह्याचे न्यायालयात काय झाले त्यावरून ठरते.

राक्षस घडवण्याचे संपूर्ण तंत्र एकाच ठिकाणी बघायचे असेल तर १८९८चे नॉर्थ कॅरोलायना बघावे. तिथे गोरे गरीब शेतकरी असलेला पॉप्युलिस्ट पक्ष आणि काळ्या मतदारांचा रिपब्लिकन पक्ष यांनी युती करून १८९४मध्ये विधिमंडळ आणि १८९६मध्ये गव्हर्नरपद जिंकले होते. व्याजदर, शाळा, स्थानिक निवडणुका या प्रश्नांवर ही युती टिकण्यासारखी होती. डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्यातले अध्यक्ष फर्निफोल्ड सिमन्स यांनी ओळखले, की आर्थिक प्रश्नावर लढलो तर हरू. म्हणून विषयच बदलला. गावोगाव बोलणारे वक्ते, लिहिणारे संपादक आणि घोड्यावरून धाक घालणारे लाल सदऱ्यांचे जथे, अशी तिहेरी फळी उभारली गेली. रॅलेचे ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ हे जोसेफस डॅनियल्स यांचे पत्र या मोहिमेचे इंजिन होते. निवडणुकीच्या महिना-सव्वा महिना आधी, २७ सप्टेंबरला त्यात नॉर्मन जेनेट यांचे व्यंगचित्र आले: पंखांवर ‘निग्रो रूल’ लिहिलेले, नखे रुतवणारे एक रक्तपिपासू वटवाघूळ. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही ते कळले. काळ्या पुरुषांपासून गोऱ्या स्त्रियांना धोका असल्याच्या बातम्या रोज पेरल्या गेल्या. विल्मिंग्टनचे काळे संपादक ॲलेक्स मॅन्ली यांनी ‘डेली रेकॉर्ड’मध्ये या बातम्यांना उत्तर दिले, तर तोच लेख मतदानापर्यंत पुन्हा पुन्हा छापून त्यांच्याविरुद्ध वापरला गेला.

८ नोव्हेंबरला डेमोक्रॅट जिंकले. विल्मिंग्टनच्या नगरपालिकेची निवडणूक त्या दिवशी नव्हती, तिथले निवडून आलेले मंडळ युतीचेच होते. १० नोव्हेंबरला सशस्त्र जमावाने मॅन्ली यांचा छापखाना जाळला, अनेक काळ्या नागरिकांना ठार मारले, महापौर आणि नगरसेवकांना राजीनामे द्यायला लावले आणि जमावाचे पुढारी आल्फ्रेड वॉडेल महापौर झाले. निवडून आलेले सरकार बंदुकीच्या धाकाने उलथल्याचे हे उदाहरण अमेरिकेच्या भूमीवरचे आहे. कुणावरही खटला चालला नाही. इतके करूनही जिंकणाऱ्यांचा भरवसा दहशतीवर नव्हता, कारण दहशत दर निवडणुकीला नव्याने माजवावी लागते. म्हणून ऑगस्ट १९००मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती केली: मतदानासाठी साक्षरतेची परीक्षा आणि डोईपट्टी, आणि १८६७च्या आधी ज्यांच्या आजोबा-पणजोबांना मत होते त्यांना परीक्षेतून सूट. आजोबा गुलाम असतील तर सूट नाही. संसदेतले त्या राज्याचे काळे प्रतिनिधी जॉर्ज हेन्री व्हाइट मार्च १९०१मध्ये पायउतार झाले. पुढचा काळा प्रतिनिधी निवडून यायला १९९२ उजाडले. एका मोसमातल्या व्यंगचित्रांचा परिणाम नव्वद वर्षे टिकला, कारण त्याचे घटनेच्या कलमात रूपांतर झाले होते. डॅनियल्स पुढे आठ वर्षे देशाचे नौदलमंत्री होते. त्यांच्या पत्राने जाहीर माफी मागितली ती २००६मध्ये.

पहिल्या महायुद्धात यंत्र पुन्हा टपालखात्यात गेले आणि या वेळी फार बारकाईने चालवले गेले. जून १९१७च्या हेरगिरी कायद्याने पोस्टमास्टर जनरल ॲल्बर्ट बर्लसन यांना युद्धविरोधी मजकूर अडवण्याचा अधिकार मिळाला. ‘द मासेस’ या मासिकाचा ऑगस्टचा अंक त्यांनी रोखला. मग मासिक नियमित निघत नाही असे कारण देऊन नियतकालिकांचा सवलतीचा दरच काढून घेतला. अंक खात्यानेच अडवला होता! सवलत गेली की दूरच्या वर्गणीदाराला अंक पाठवणे परवडत नाही; संपादकाला अटक करण्याची गरजही उरत नाही. समाजवादी नेते युजीन डेब्स यांना ओहायोतल्या कँटन इथल्या एका भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२०मध्ये तुरुंगात असताना त्यांना नऊ लाखांहून अधिक मते पडली. एप्रिल १९१८मध्ये कॉलिन्सव्हिल इथे रॉबर्ट प्रेगर या जर्मन कामगाराला जमावाने फासावर लटकवले. अकरा आरोपी होते, सगळे सुटले.

युद्ध संपल्यावर ॲटर्नी जनरल मिचेल पामर यांनी नोव्हेंबर १९१९ आणि जानेवारी १९२०मध्ये कम्युनिस्टांच्या नावाखाली हजारो परदेशी कामगार उचलले. त्यांना अडवणारा माणूस मात्र कुणी मोठा पुढारी नव्हता. कायद्याने हद्दपारीचा अंतिम अधिकार न्यायखात्याकडे नसून कामगारखात्याकडे होता आणि तिथे १९२०च्या वसंतात सत्तरी ओलांडलेले लुई पोस्ट कार्यवाहक मंत्री म्हणून सही करत होते. त्यांनी एकेक फाइल उघडली. संघटनेने परस्पर सभासद केलेले, वकील न देता जबाब घेतलेले, फक्त नाचगाण्याच्या कार्यक्रमाला गेलेले लोक बाजूला काढत त्यांनी बहुसंख्य वॉरंटे रद्द केली. संसदेत त्यांच्यावर महाभियोगाची भाषा झाली, तेव्हा त्यांनी समितीपुढे जाऊन प्रकरणागणिक उत्तरे दिली. आरोप करणाऱ्यांकडे फाइलीच नव्हत्या. पामर यांनी १ मेला उठाव होणार असे भाकीत केले होते. तो दिवस शांततेत गेला.

१९४०च्या स्मिथ कायद्याची कथा तर डाव्यांनी पाठ करून ठेवावी अशी आहे. सरकार उलथण्याचा प्रचार करणे त्याने गुन्हा ठरवले. पहिला मोठा खटला १९४१मध्ये मिनियापोलिसच्या ट्रॉट्स्कीवाद्यांवर, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या डाव्या विरोधकांवर, झाला, अठरा जणांना शिक्षा झाली आणि कम्युनिस्ट पक्षाने या खटल्याचे समर्थन केले. १९४९मध्ये त्याच कायद्याखाली कम्युनिस्ट पक्षाचे अकरा नेते दोषी ठरले. मधल्या काळात, १९४४मध्ये, तोच कायदा नाझीधार्जिण्या तीसएक उजव्यांवर चालवला गेला होता आणि न्यायाधीशाच्या मृत्यूने तो खटला फिसकटला. आपल्या शत्रूपुरते म्हणून घडवलेले हत्यार कुणाच्याच घरी मुक्कामाला राहत नाही.

कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेने गाजलेले सेनेटर जोसेफ मॅकार्थी या साऱ्यानंतर आले. सोव्हिएत हेर अमेरिकी सरकारात होते, ही वस्तुस्थिती आहे. अल्जर हिस आणि रोझेनबर्ग प्रकरणे आणि पुढे उघड झालेले सोव्हिएत तारांचे उलगडे तसेच सांगतात. म्हणूनच मॅकार्थींची पद्धत नीट समजून घ्यायला हवी. ९ फेब्रुवारी १९५० रोजी व्हीलिंग इथे त्यांनी परराष्ट्रखात्यातल्या २०५ जणांचा उल्लेख केला. हा आकडा १९४६च्या एका सरकारी पत्रातला होता: छाननीत २८४ जणांना कायम करू नये अशी शिफारस, त्यातले ७९ कामावरून गेले, उरले २०५. त्यात ‘कम्युनिस्ट’ असा शेरा नव्हता आणि यादीत नावेही नव्हती. काही दिवसांत आकडा ५७ झाला, सेनेटमध्ये ८१ ‘प्रकरणे’ झाली. हा दुसरा साठा संसदेच्या एका जुन्या तपासणीतल्या १०८ प्रकरणांतून उचललेला होता. आकडा बदलत गेला तसा पुरावा वाढला नाही, फक्त बातम्या वाढल्या. वृत्तसंस्थांची रीत ‘सेनेटर म्हणाले’ एवढे जसेच्या तसे देण्याची होती आणि मॅकार्थी अंक बंद व्हायच्या वेळेला आरोप देत, म्हणजे उत्तर मिळवायला वेळच उरत नसे. सभागृहातल्या बोलण्यावर अब्रुनुकसानीचा दावा लागत नाही, ही ढाल घटनेनेच दिली होती.

सेनेटर मिलार्ड टायडिंग्ज यांच्या समितीने जुलै १९५०मध्ये हे आरोप लबाडी ठरवले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मेरिलँडमध्ये टायडिंग्ज यांच्याविरुद्ध एक चोपडे वाटले गेले. त्यात त्यांचे आणि कम्युनिस्ट नेते अर्ल ब्राउडर यांचे दोन वेगळे फोटो जोडून दोघे गप्पा मारत असल्याचे दाखवले होते. टायडिंग्ज पडले. बाकीच्या सेनेटरांनी त्यातून काय शिकायचे ते शिकून घेतले.

मॅकार्थींपेक्षा खोलवर गेलेले यंत्र मात्र डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रुमन यांनी मार्च १९४७मध्येच बसवले होते. त्यांच्या निष्ठा-आदेशाने प्रत्येक सरकारी नोकराची तपासणी सुरू झाली. आधी निकष होता ‘बेइमानी मानायला वाजवी कारण’. १९५१मध्ये तो ‘निष्ठेबद्दल वाजवी शंका’ असा झाला. वाक्यातला बदल दोन शब्दांचा, पण सिद्ध करण्याचा भार सरकारवरून नोकरावर सरकला. डोरोथी बेली या कर्मचारी महिलेने आपल्यावर आरोप करणारे कोण, असे विचारले तेव्हा मंडळाचे अध्यक्ष सेथ रिचर्डसन यांनी आपल्यालाही ते माहीत नाही असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडली आणि तिची नोकरी गेली ती गेलीच.

खासगी बाजू यापेक्षा निबर होती. जून १९५०मध्ये ‘रेड चॅनेल्स’ या पुस्तिकेत नभोवाणी आणि दूरचित्रवाणीतल्या १५१ जणांची नावे कम्युनिस्टधार्जिणे म्हणून आली. ती काढणारे माजी एफबीआय कर्मचारी होते. पुरावा म्हणजे कुठल्या अर्जावर सही, कुठल्या सभेला हजेरी. पुढे अशा मंडळींनी फी घेऊन नावे तपासून देण्याचा धंदाच मांडला. सिराक्यूसचा एक सुपरमार्केट-मालक लॉरेन्स जॉन्सन जाहिरातदार कंपन्यांना कळवी, की तुमच्या कार्यक्रमात अमुक कलाकार असेल तर दुकानात तुमच्या मालाजवळ तशी पाटी लागेल. कंपनीला कलाकाराच्या मतांशी देणेघेणे नव्हते. एक कलाकार बदलणे हा फक्त सर्वांत स्वस्त उपाय होता. नभोवाणीवरचे जॉन हेन्री फॉक यांनी काळी यादी चालवणाऱ्यांवर १९५६मध्ये दावा ठोकला, १९५७मध्ये त्यांची नोकरी गेली आणि १९६२मध्ये ज्युरीने ३५ लाख डॉलर भरपाई दिली. अपिलात ती साडेपाच लाखांवर आली, तरी काळ्या यादीचा धंदा महाग ठरला. जो उपाय कंपन्यांना स्वस्त वाटत होता, त्याची किंमत न्यायालयाने वाढवली.

मॅकार्थी पडले ते १९५४च्या लष्कराविरुद्धच्या सुनावणीत, जिथे प्रथमच समोरच्या वकिलाला उलटतपासणीचा हक्क होता. त्यांच्या बाजूने सादर झालेला एक फोटो कापलेला निघाला. मूळ चित्रात तिसरा माणूस उभा होता. २ डिसेंबरला सेनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी निंदेचा ठराव केला. पण कशाबद्दल? सेनेटच्या समित्यांशी सहकार्य न केल्याबद्दल आणि त्यांचा अपमान केल्याबद्दल. ज्या नागरिकांची आयुष्ये उद्ध्वस्त झाली त्यांचा उल्लेख त्या ठरावात नाही, आणि ही त्या सभागृहाची मला सर्वांत मोठी चूक वाटते.

उदारमतवाद्यांनी यातून आपल्याला वगळू नये. १९६४मध्ये ‘फॅक्ट’ नियतकालिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक योग्यतेबद्दल प्रश्न पाठवला. २,४१७ उत्तरे आली, त्यातल्या १,१८९ जणांनी ते अयोग्य असल्याचे म्हटले आणि तो आकडा मुखपृष्ठावर गेला. दहातल्या आठ डॉक्टरांनी उत्तरच दिले नव्हते आणि ज्यांनी दिले त्यांनी रोग्याला तपासलेले नव्हते. गोल्डवॉटर यांनी दावा जिंकून ७५ हजार डॉलर दंडात्मक भरपाई मिळवली. न तपासता निदान सांगू नये असा नियम मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३मध्ये केला.

निक्सन यांच्या शत्रूंच्या यादीबद्दल सगळ्यांना माहीत असते. ती का चालली नाही हे कमी जणांना माहीत असते. ११ सप्टेंबर १९७२ रोजी व्हाइट हाउसचे जॉन डीन यांनी करखात्याचे प्रमुख जॉनी वॉल्टर्स यांच्या हाती सुमारे ४९० नावे ठेवली, बहुतेक निक्सन यांचे निवडणुकीतले प्रतिस्पर्धी मॅकगव्हर्न यांचे कार्यकर्ते आणि देणगीदार. वॉल्टर्स यांची नेमणूक निक्सन यांनीच केली होती. ते यादी घेऊन अर्थमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांच्याकडे गेले. काहीही करू नका, असे शुल्ट्झ म्हणाले. यादी तिजोरीत गेली आणि १९७३मध्ये संसदीय समितीकडे सोपवली गेली. १९९८मध्ये अध्यक्षाने किंवा त्याच्या कार्यालयाने कुणाची करतपासणी सांगणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला.

आजची भाषा कुठून आली याचे धागे सापडतात. १९८४मध्ये रिपब्लिकन संसद सदस्य न्यूट गिंगरिच आणि त्यांचे सहकारी रिकाम्या सभागृहात कॅमेऱ्यापुढे विरोधकांवर आरोप करत. १९९०मध्ये त्यांच्या गोपॅक संस्थेने उमेदवारांना विरोधकांसाठी वापरायच्या शब्दांची यादीच वाटली; ‘सिक’, ‘करप्ट’, ‘ट्रेटर्स’ हे त्यातले. २०१६मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्पसमर्थकांपैकी निम्म्यांना ‘डिप्लोरेबल्स’च्या, म्हणजे तिरस्करणीय माणसांच्या, टोपलीत टाकले, ट्रम्प यांनी २०१७मध्ये वृत्तमाध्यमांना जनतेचे शत्रू आणि २०२३मध्ये डाव्या विरोधकांना ‘व्हर्मिन’ म्हटले. हे शेवटचे बाकीच्यांच्या रांगेत बसत नाही, कारण किड्यांशी निवडणूक लढवायची नसते. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत २०१६मध्ये ४७ टक्के रिपब्लिकन आणि ३५ टक्के डेमोक्रॅट दुसऱ्या पक्षाच्या लोकांना इतर अमेरिकनांपेक्षा अनैतिक मानत. २०२२मध्ये हे आकडे ७२ आणि ६३ झाले. दुसरीकडे ‘मोअर इन कॉमन’च्या २०१९च्या अभ्यासात दिसले, की विरोधी पक्षातले सुमारे ५५ टक्के लोक टोकाच्या मतांचे असावेत असा अंदाज लोक करतात, प्रत्यक्षात ते ३० टक्क्यांच्या आसपास असतात.

हे आकडे वाईट आहेत. तरी माझी काळजी त्यांच्यापाशी थांबत नाही. मार्च २०२५मध्ये पर्किन्स कुई या विधी कंपनीवर अध्यक्षीय आदेश निघाला: वकिलांच्या सुरक्षा-परवानग्या स्थगित, सरकारी इमारतींत प्रवेशावर निर्बंध, आणि सरकारी कंत्राटदारांनी त्या कंपनीशी असलेले व्यवहार उघड करावेत. बर्लसन यांनी मासिकाचा टपालदर काढून घेतला त्याच जातीचे हे काम आहे: पोटावर पाय आणि कारण प्रशासकीय. न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी २ मेला तो आदेश घटनाबाह्य ठरवला. अशा आदेशांविरुद्ध लढायला गेलेल्या चारही कंपन्या खालच्या न्यायालयात जिंकल्या. नऊ मोठ्या कंपन्यांनी मात्र न लढता सरकारशी तडजोड केली. २० जानेवारी २०२५ रोजी संसदेवरच्या २०२१च्या हल्ल्यातल्या सुमारे १,५०० जणांना माफी मिळाली. ब्रूक्सचे तीनशे डॉलर निदान दंड तरी होते.

आणि चारच दिवसांनी, २४ जानेवारीच्या रात्री, सतराएक खात्यांच्या महानिरीक्षकांना ईमेलने काढून टाकले गेले. ही पदे निक्सन यांना पायउतार करणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर, १९७८च्या कायद्याने, खात्याच्या आत बसून कागद मागण्यासाठी निर्माण झाली. २०१३मध्ये करखाते ‘टी पार्टी’ नावाच्या उजव्या संस्थांचे अर्ज वेगळे काढून अडवत होते, हे ओबामांच्या काळात उघड करणारा अधिकारी असाच एक महानिरीक्षक होता. महानिरीक्षकांना काढण्याआधी संसदेला तीस दिवसांची सूचना आणि कारणे देणे कायद्याने बंधनकारक आहे. ती दिली नव्हती. न्यायाधीश ॲना रेयेस यांनी सप्टेंबरमध्ये ही कारवाई बेकायदा असल्याचे मान्य केले, पण त्यांना पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला नाही.